अमाल्फीत गाडी घ्यायची का? आधी पायऱ्या विचारा

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण माणसं थोडीफार बदलून हाच प्रश्न मला दर वर्षी येतो. तुम्ही दोघं, साडेतीन वर्षांची मुलगी, सासू-सासरे (सासूबाईंचे गुडघे दुखरे, सासरे ७२ चे पण ठणठणीत), सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रोमहून येऊन दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावरच्या अमाल्फीत तीन रात्री. गाडी भाड्याने घ्यावी का बसवर भागेल असं विचारलंय, आणि खाली लिहिलंय, "गाव एवढंसंच आहे, पायी फिरून होईल ना?"

मी गेली चौदा वर्षं पुण्याहून दहा-बारा जणांचे छोटे ग्रूप घेऊन दक्षिण इटलीत जाते. माझी बहुतेक मंडळी साठीच्या पुढची, त्यामुळे म्युझियमपेक्षा गुडघ्यांचाच अभ्यास जास्त झालाय. तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, घोळ तिथेच आहे. गाव एवढंसं आहे हे खरं, पण ते आडवं नाहीये, उभं आहे. नकाशावर दोनशे मीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात दोनशे पायऱ्या असू शकतं. म्हणून गाडी का बस हे नंतर बघू. आधी दोन गोष्टी ठरवा: हॉटेल किती पायऱ्या वर आहे, आणि दिवसातल्या कुठल्या वेळी तुम्ही रस्त्यावर असणार. या दोन पक्क्या झाल्या की गाडीचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळतं.

गाव असं का झालं ते एकदा डोळ्यासमोर आलं की बाकीचं सोपं जातं. दोन कड्यांच्या मधे एक अरुंद घळ आहे, आणि त्या घळीतून कान्नेतो नावाचा ओढा समुद्राला मिळायचा. तो ओढा मध्ययुगातच वरून झाकून टाकला आणि त्याच्या डोक्यावर जी वाट झाली तीच आजची मेन गल्ली. म्हणजे गावात सपाट म्हणावा असा भाग किती, तर ही गल्ली आणि समुद्रासमोरचा धक्का, बास. बाकी घरं दोन्ही अंगाच्या कड्यांवर एकाच्या डोक्यावर एक. अमाल्फी हे एकेकाळी समुद्री व्यापारावर मोठं झालेलं स्वतंत्र राज्य होतं, यांची जहाजं पार कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जायची, आणि वरच्या डोंगरातल्या गावांशी येणं-जाणं खेचरांच्या पायऱ्यांवरून चालायचं. किनाऱ्याने जाणारा गाडीरस्ता आला तो १९ व्या शतकात, कडा तासून तासून. थोडक्यात हे गाव होडीसाठी आणि खेचरासाठी बांधलेलं आहे, चारचाकी तिथे पाहुणी म्हणून आली आणि अजूनही तिला घरच्यासारखं कोणी वागवत नाही.

आता हॉटेल. माझ्या सुरुवातीच्या एका ट्रिपला मी एक सुंदर घर बुक केलं होतं, फोटोत बोगनवेल, गच्ची, खाली निळंशार पाणी, आणि वर्णनात "चौकापासून चार मिनिटं". चार मिनिटं खरीच होती हो, पण ती तिथल्या विशीतल्या पोराची चार मिनिटं. आम्ही मोजल्या तर १६४ पायऱ्या निघाल्या, त्याही एकसारख्या नाहीत, एक बुटकी तर एक गुडघाभर. ग्रूपमधल्या नाशिकच्या काकू एकदाच्या वर पोचल्या आणि म्हणाल्या, "आता मला परत जायच्या दिवशीच खाली न्या," आणि खरंच दोन दिवस गच्चीतच बसून राहिल्या, आम्ही खालून त्यांना पिझ्झा नेऊन द्यायचो. त्यांना त्याचं काही वाईट वाटलं नाही, मला मात्र अजून वाटतं.

तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी मालकाला मेल करून सरळ तीन गोष्टी विचारते: जिथपर्यंत गाडी येते तिथून रिसेप्शनपर्यंत किती पायऱ्या, रिसेप्शनपासून खोलीपर्यंत किती, आणि लिफ्ट असली तर ती कुठल्या मजल्यापासून सुरू होते. हा तिसरा प्रश्न लोक विसरतात. "लिफ्ट आहे" असं लिहिलेलं असतं, पण त्या लिफ्टच्या दारापर्यंत जायलाच चाळीस पायऱ्या असतात. इटालियनमध्ये विचारायचं असेल तर "क्वान्ती ग्रादीनी?", म्हणजे किती पायऱ्या. आणि आकडाच मागा, "थोड्याशा आहेत" हे उत्तर चालवून घेऊ नका, त्यांचं थोडं आणि आपलं थोडं यात फार फरक आहे. गुगल मॅपवर याबाबतीत बिलकुल भरवसा ठेवू नका, तो पायऱ्यांच्या बोळालासुद्धा छान सरळ ठिपक्यांची रेघ काढून मोकळा होतो.

सासूबाईंचा विचार करता माझ्या मते वीस-पंचवीस पायऱ्यांच्या वरचं हॉटेल घेऊच नका, मग व्ह्यू कितीही भारी असो. व्ह्यू धक्क्यावर बाकावर बसूनही मस्त दिसतो, फुकट. खाली बजेटमध्ये काही मिळालं नाही तर अमाल्फीचा हट्ट सोडून शेजारच्या मायोरी किंवा मिनोरीत बघा. मायोरीला तर या सगळ्या पट्ट्यातला सगळ्यात लांब बीच आहे आणि त्याच्या मागे चक्क सपाट रस्ता, बाबागाडी ढकलत जाता येईल असा. अमाल्फीइतकं ते फोटोत देखणं दिसत नाही म्हणून लोक नाक मुरडतात, पण म्हातारी माणसं आणि लहान मूल एकत्र असेल तर मला ते जास्त आवडतं. तिथून अमाल्फी बसने पंधरा-वीस मिनिटं, शिवाय सीझनमध्ये बोटही.

गाडीबद्दल. नको. एवढं लिहून थांबले असते पण तुम्ही लिहिलंय की मिस्टर मुंबई-गोवा नेहमी स्वतः चालवतात, म्हणून कारणं सांगते. त्यांच्या ड्रायव्हिंगबद्दल मला शंका नाही. रस्ता अरुंद आहे, वळणावळणाचा आहे, आपल्या वरंधा घाटाची सवय असलेल्या माणसाला त्याची भीती वाटणार नाही. पण इथे स्टिअरिंग उलट्या बाजूला, रस्त्याची बाजूही उलटी, समोरून मोठी बस आली की तिला वाट द्यायला तुम्हालाच मागे घ्यायचंय आणि तुमच्या मागे सहा गाड्या आणि पंधरा स्कूटर लागलेल्या. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने हौसेने गाडी घेतली होती, तीन दिवसांत दोन्ही आरशांना ओरखडे, आणि नवऱ्याने समुद्र असा पाहिलाच नाही कारण नजर पूर्ण वेळ उजवीकडच्या दगडी कठड्यावर.

ते सोडा, मुख्य अडचण गाडी चालवायची नाही, गाडी ठेवायची आहे. गावात पार्किंग मोजकं आणि महाग, ताशी पैसे. अमाल्फी आणि शेजारच्या अत्रानी गावाच्या मधे डोंगराच्या पोटात खोदलेलं एक मोठं पार्किंग आहे, ते भरलं की विषय संपला. त्यात ऐन सीझनमध्ये ठराविक दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा सम-विषम नंबरप्लेटचा नियम असतो, एका दिवशी सम नंबरच्या गाड्यांना बंदी, दुसऱ्या दिवशी विषम. हॉटेलचं बुकिंग असेल तर यायच्या आणि जायच्या दिवशी सूट मिळते, पण मधल्या दिवशी गाडी नुसती उभी करून तिचं भाडं आणि पार्किंग दोन्ही भरायचं. जुन्या गावांच्या आत गाडी न्यायला बंदी असते आणि त्यावर कॅमेऱ्याची नजर असते ते वेगळंच, चुकून घुसलात तर दंड भारतात घरी आल्यावर काही महिन्यांनी कळतो. आणि आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं ते विसरू नका, म्हणजे घेतलीच तर.

गाडी कधी घ्यावी? पुढे तुम्ही पुलियाला (इटलीच्या आग्नेय टोकाचा प्रांत) वगैरे जाणार असाल तर सालेर्नोहून, म्हणजे जवळच्या मोठ्या शहरातून, निघताना घ्या. किंवा वर आजेरोलासारख्या डोंगरातल्या गावात राहणार असाल तर. तुमचं तसं काही दिसत नाहीये.

मग यायचं कसं. रोमहून बरेच जण नेपल्सला उतरून तिथून लोकल ट्रेनने सोरेंतो आणि मग बस असं करतात, कारण सगळीकडे तेच लिहिलेलं असतं. पाच माणसं, सामान आणि लहान मूल घेऊन तो प्रवास म्हणजे शिक्षा आहे. तुम्ही रोम तेर्मिनीहून थेट सालेर्नोची हायस्पीड ट्रेन पकडा, फ्रेच्चारोसा किंवा इतालो, दोन तासांच्या आसपास लागतात, बदलाबदली नाही. सालेर्नो स्टेशनातून बाहेर पडलं की समुद्राच्या दिशेने सपाट रस्त्याने पाच-सात मिनिटांवर पियाझ्झा देल्ला कोंकोर्दिया हा चौक, तिथूनच अमाल्फीची बोट सुटते. साधारण ३५ मिनिटांत अमाल्फीच्या धक्क्यावर. माणशी दहा-बारा युरो, मोठ्या बॅगेचे थोडे वेगळे. बोट घेताना ती कोंकोर्दियाहून सुटते की मोलो मानफ्रेदीहून ते तिकिटावर बघा, सालेर्नोत दोन धक्के आहेत आणि दुसरा बराच लांब आहे, बॅगा ओढत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धावणारी माणसं मी दर वर्षी बघते.

बोटीचा दुसरा फायदा असा की गाव तुम्हाला समोरून दिसतं, जसं ते दिसावं म्हणून बांधलंय तसं. सासूबाईंना पहिल्या नजरेतच कळेल की कुठपर्यंत जायचं आणि कुठे नाही.

आता यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे ते प्रामाणिकपणे सांगते. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच चालतात, म्हणजे तुमच्या तारखांना असतील, पण समुद्र खवळला की सकाळीच रद्द होतात. सप्टेंबरअखेर पाणी अजून उबदार असतं, हवा छान, मात्र एखादा वादळी दिवस येऊ शकतो. माझ्या अनुभवात आठवड्यात एखादा दिवस तसा निघाला तर निघाला. म्हणून बोटीला पर्याय डोक्यात तयार ठेवायचा: सालेर्नोहून बस (सव्वा तास धरा) किंवा ड्रायव्हरसकट व्हॅन. पाच जण आणि बॅगा म्हणजे साध्या टॅक्सीत मावणार नाही, व्हॅनच लागेल, शंभर युरो किंवा त्याच्यावर. पैसे बसायच्या आधी ठरवा, उतरताना नाही. आणि जायच्या दिवशी बोट आणि विमान एकाच दिवसात बसवू नका. रात्री रोमला किंवा नेपल्सला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी उडा.

दुसरी अनिश्चित गोष्ट म्हणजे संप. इटलीत वाहतुकीचा संप हा पावसासारखा असतो, येतो आणि जातो, कोणी फार चिडत नाही. बरं हे की तो आधी जाहीर होतो. निघायच्या आठवडाभर आधी "शोपेरो" हा शब्द आणि तारीख टाकून शोधा, आणि हॉटेलवाल्यालाही विचारा.

बसबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बस वाईट नाहीये, लोक ती वाईट वेळेला पकडतात. किनाऱ्यावरच्या या निळ्या-हिरव्या बस सीता सूद नावाच्या कंपनीच्या. आमच्या ग्रूपमधल्या आज्या तिला सीतामाईची बस म्हणतात, आणि सालेर्नो, सोरेंतो, रावेल्लो सगळीकडे हीच सीतामाई नेते. अमाल्फीत सगळ्या बस धक्क्यासमोरच्या पियाझ्झा फ्लाव्हिओ जोयामधून सुटतात. इथेच अमाल्फीत राहण्याचा मोठा फायदा आहे. बस इथून सुरू होते म्हणून बसायला जागा मिळते. मधल्या गावात, म्हणजे प्रायानो किंवा पोझितानोत राहिलात तर उन्हाळ्यात भरलेली बस न थांबता डोळ्यांदेखत निघून जाते, कारण उभ्यालाही जागा नसते. हे हॉटेल निवडताना कोणी सांगत नाही.

तिकीट बसमध्ये मिळेल या भरवशावर राहू नका, तंबाखूच्या दुकानात (पाटीवर मोठा टी असतो, तबाक्की म्हणतात) किंवा मोबाइल ॲपवर आधी घ्या, आणि परतीचंही तेव्हाच घ्या कारण रविवारी दुपारी दुकान बंद सापडतं. दिवसभर चढ-उतार करणार असाल तर चोवीस तासांचा पास असतो, दहा युरोच्या आसपास. चढल्यावर मशीनमध्ये तिकीट पंच करायचं, नाहीतर तिकीट असून विनातिकीट. रांग नावाचा प्रकार नाही, दार उघडलं की गर्दी, पण आपण दादर स्टेशनवर वाढलेली माणसं, आपल्याला कोण हरवणार. फक्त मुलीला कडेवर घ्या आणि सासऱ्यांना पुढे पाठवून सीट धरायला सांगा, त्यांना तेवढंच काम आणि मजा.

वेळापत्रकात एक शब्द सगळ्यांना फसवतो. "फेरियाले" वाचून लोकांना वाटतं सुट्टीचा दिवस. बरोब्बर उलटं आहे, फेरियाले म्हणजे सोमवार ते शनिवारचे कामाचे दिवस, आणि "फेस्तिव्हो" म्हणजे रविवार आणि सणवार, त्या दिवशी बस कमी. दुसरं, सप्टेंबरच्या मध्यावर तिकडे शाळा सुरू होतात, त्यामुळे दुपारी एक ते दोनच्या सुमाराच्या बसमध्ये शाळकरी पोरं खच्चून भरलेली असतात. ती वेळ टाळा.

कुठल्या बाजूला बसायचं? सालेर्नोहून अमाल्फीला येताना समुद्र डावीकडे, सोरेंतोहून येताना उजवीकडे. आणि मुलीला गाडी लागते का ते तुम्ही लिहिलं नाहीये. लागत असेल तर पुढच्या सीटवर बसा, निघायच्या आधी पोटभर खायला देऊ नका, औषध तुमच्या डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा. मोठ्यांसाठी मी आलेपाक आणि आवळासुपारी नेते, चौदा वर्षांत जगातल्या कुठल्याही गोळीपेक्षा आलेपाकाला जास्त मागणी आलीय. वळणावर ड्रायव्हर लांबलचक हॉर्न देतात, अगदी आपल्या एसटीसारखा, तो आपल्याला उद्देशून नसतो.

वेळ. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. सकाळी साडेदहाच्या पुढे सोरेंतो, नेपल्स आणि मोठ्या क्रूझ बोटींवरून दिवसापुरते आलेले लोक गावात ओततात, ते संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत. त्या वेळात रस्ता तुंबतो, बस उशिरा धावतात, मेन गल्लीत चालायला जागा नसते. त्यामुळे मी माझ्या लोकांना उलटं वेळापत्रक लावते: सकाळी साडेसात-आठला बाहेर, एकच्या आत परत, जेवून सरळ झोप, आणि साडेपाचला पुन्हा बाहेर. कोकणात मे महिन्यात आपण तसंच करतो की. लहान मुलालाही हे सूट होतं.

गावात चालण्याबद्दल. मेन गल्ली दुओमोच्या, म्हणजे गावातल्या मुख्य चर्चच्या, चौकापासून वरती हळूहळू चढत कागदाच्या म्युझियमपर्यंत जाते, दहा-पंधरा मिनिटं, चढ आहे पण पायऱ्या नाहीत, सासूबाई थांबत थांबत सहज जातील. तेराव्या शतकातली जुनी कागदगिरणी आहे ती, पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे अजून फिरवून दाखवतात, मुलीला आवडेल. याच गल्लीतून स्कूटर आणि सामानाच्या तीनचाकी येतात म्हणून मुलीचा हात सोडू नका. ती तीनचाकी बघून सासरे ओळखतील, ती आपली आपे! पियाज्जो कंपनीची, इटालियनमध्ये आपे म्हणजे मधमाशी. आपल्याकडे तिचा कारखाना बारामतीत आहे, म्हणजे बारामतीची बहीण इथे लिंबांच्या पेट्या आणि टुरिस्टांच्या बॅगा वाहते. गल्लीत गर्दी झाली तर तिला समांतर, घरांच्या पोटाखालून जाणारे पांढऱ्या चुन्याचे झाकलेले बोळ आहेत, त्यातून जा, सावलीही मिळते.

दुओमोच्या समोर साठेक पायऱ्या आहेत, चांगल्या रुंद, पण एका दमात. सासूबाईंना चढायचं असेल तर सकाळी नऊच्या आधी, ऊन यायच्या आत. नाहीतर चौकातल्या कारंज्याजवळ बसायला कॅफे आहेत. फक्त टेबलावर बसून घेतलेली कॉफी आणि काउंटरला उभ्याने घेतलेली कॉफी यांच्या किमतीत चांगलाच फरक असतो, पण गुडघ्यांसाठी तेवढं द्यायचं. बाथरूमचा प्रश्नही तिथेच सुटतो.

बाबागाडी आणणार असाल तर हलकी, एका हाताने मिटणारी आणा, आणि पाठीवर किंवा कमरेला बांधायची झोळी किंवा कॅरिअर नक्की आणा. मोठी बाबागाडी इथे स्वतःच एक मूल होऊन बसते, तिलाच उचलून न्यावं लागतं.

अत्रानीला जरूर जा. क्षेत्रफळाने इटलीतली सगळ्यात लहान नगरपालिका, अमाल्फीपासून दहा मिनिटांवर. गाडीरस्त्याने जाऊ नका, फुटपाथ जवळजवळ नाहीच. त्या डोंगरातल्या पार्किंगमधून पादचाऱ्यांसाठी बोगदा आहे, त्यातून जा, शेवटी थोड्या पायऱ्या उतरायच्या. संध्याकाळी तिथल्या चौकात गावातली पोरं फुटबॉल खेळतात, तुमची मुलगी त्यांच्यात घुसेल आणि तुम्हाला अर्धा तास शांतपणे बसता येईल.

पोझितानो आणि रावेल्लो, दोन्ही करायचं म्हणताय. रावेल्लो बसने, पोझितानो बोटीने, उलटं करू नका. रावेल्लो समुद्रापासून साडेतीनशे मीटर वर आहे, तिथे बोट जाणार नाही हे उघड आहे, पण एकदा बसने वर पोचलात (पंचवीस-तीस मिनिटं) की छोटा बोगदा ओलांडून चौक सपाट, आणि व्हिला रुफोलो चौकातच. बागेतून जो समुद्र दिसतो त्यासाठीच लोक जातात. व्हिला चिंब्रोने अजून दहा-पंधरा मिनिटं चालत, मधे चढ आणि पायऱ्या, तिथे तुम्ही दोघं जाऊन या, सासू-सासरे आणि नात चौकात जेलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, खातील. सकाळी आठच्या आसपासची बस धरा.

पोझितानोला बसने गेलात तर बस वरच्या रस्त्यावर सोडते, कियेझा नुओव्हा किंवा स्पोंदा या दोन थांब्यांवर, तिथून बीचपर्यंत उतरत जायचं आणि परत यायला तेवढंच चढायचं. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं हे सासूबाईंना माहीत असेल. बोट मात्र थेट बीचपाशी उतरवते, अमाल्फीहून पंचवीस मिनिटं. बीच, त्याच्या वरचं रंगीत घुमटाचं चर्च, एखादं दुकान, जेवण, आणि परत बोट. सगळं पोझितानो बघितलंच पाहिजे असं नाही, खालून वर बघितलेलंच ते जास्त सुंदर दिसतं असं माझं मत आहे, तिथली दुकानं तर सगळी एकाच कपाटातून काढल्यासारखी वाटतात.

देवांची वाट म्हणून जो ट्रेक प्रसिद्ध आहे तो यावेळी सोडा. डोंगरावरची सहा-सात किलोमीटरची वाट आहे, शेवटी नोचेल्ले गावाहून खाली उतरताना दीड हजारांच्या वर पायऱ्या. सासरे म्हणतील मी येतो. नका नेऊ.

तर तुमच्या तीन रात्रींचं मी असं करेन. पहिल्या दिवशी दुपारच्या बोटीने पोचा, सामान टाका, संध्याकाळी फक्त धक्का आणि दुओमोचा चौक. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी रावेल्लो आणि पोझितानो, पण कुठला कधी हे आधीपासून बांधून घेऊ नका. आदल्या रात्री समुद्राचा अंदाज बघायचा, हॉटेलवाल्याला विचारायचं (तो खिडकीतून बघूनच सांगतो), शांत असेल त्या दिवशी बोट आणि दुसऱ्या दिवशी बस. म्हणून सालेर्नो ते अमाल्फीचं बोटीचं तिकीट आधी ऑनलाइन काढलंत तरी पोझितानोचं काढू नका, आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी लवकर धक्क्यावरच्या खिडकीवर घ्या. रविवार यात येत असेल तर तो बसचा दिवस ठेवू नका. दोन्ही दुपारी मोकळ्या, पोहायचं असेल तर पोहा. बीच वाळूचा नाही, बारीक गोट्यांचा आहे, मुलीला रबरी बूट घ्या, तिथेच दुकानात मिळतात.

बॅगा कमी. हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते आणि कोणी ऐकत नाही. मोठ्या बॅगा तुमच्या पुढच्या मुक्कामावर, म्हणजे रोमला परत येणार असाल तर रोमच्या हॉटेलात ठेवून द्या, बहुतेक ठिकाणी ठेवतात, आणि तीन रात्रींसाठी माणशी एक छोटी बॅग. पायऱ्या वाढल्या तर हॉटेलवाले हमाल देतात, बॅगेमागे काही युरो घेतात, ते बिनधास्त द्या, नवऱ्याने पाठ धरून बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

सध्या एवढंच करा: हॉटेलला आजच मेल टाका, वरचे तीन प्रश्न विचारा, आणि जो आकडा येईल तो मला कळवा. पंचवीसच्या आत आला तर बाकीचं सगळं मी वर लिहिलंय तसं जसंच्या तसं चालेल. वर गेला तर बुकिंग कधीपर्यंत फुकट कॅन्सल होतंय ती तारीखही बघून ठेवा, मग मायोरीत कुठल्या भागात शोधायचं ते सांगते.